बुडालेल्या जहाजांतील सुरती रुपये

नाणें एकटें सांपडलें तर तें आपल्या अंगावरील अक्षरांपुरतेंच बोलतें. सोबत्यांसह सांपडलें तर आपला प्रवासही सांगतें. जमिनींतील ठेव पुष्कळदां पिढ्यान्‌पिढ्या सांठत गेलेली असते व तींत अनेक राजांचीं नाणीं मिसळतात. बुडालेल्या जहाजाची गोष्ट वेगळी. तें ज्या दिवशीं बुडालें त्या दिवशींचाच माल त्यावर असतो, मागून त्यांत भर पडत नाहीं. असें जहाज म्हणजे समुद्रानें मोहोरबंद केलेला खलिताच होय. तो कोणी व कसा फोडला यावर त्यांतील मजकूर हातीं लागणें अवलंबून असतें.

मोंगल नाण्यांच्या अभ्यासकांस या प्रकारचें एक उदाहरण विशेष उपयोगी आहे. श्रीलंकेच्या आग्नेय किनाऱ्यासमोर भर समुद्रांत खडकांची एक रांग आहे. दर्यावर्दी तिला ग्रेट बासेस म्हणतात. सिंहली लोकांत तिचें नांव महा रावण कोटुव, म्हणजे रावणाचा थोरला कोट, असें आहे. १८७३ सालीं तेथें दीपस्तंभ लागला. तत्पूर्वीं रात्रीं येणाऱ्या जहाजांस या खडकांची सूचना मिळण्याची सोय नव्हती. मार्च १९६१ मध्यें माइक विल्सन हे दोन मुलांसह पाण्याखालील चित्रपटासाठीं तेथें बुड्या मारीत असतां त्यांस पितळी तोफा व चांदीचे रुपये आढळले. विल्सन यांचे सहकारी सुप्रसिद्ध ग्रंथकार आर्थर क्लार्क हे १९५६ पासून त्या बेटांत राहत होते. दोघेही पेशानें पुराणवस्तुसंशोधक नव्हते, केवळ हौशी होते. तथापि शोधाचा बोभाटा न करतां १९६३ सालीं त्यांनीं पीटर थ्रॉकमॉर्टन यांस बोलावून घेतलें. तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरील प्राचीन गेलिडोन्या जहाजाच्या शोधांत यांचा मोठा वांटा होता. त्यांच्या साह्यानें काम करून, १९६४ सालीं क्लार्क यांनीं सर्व हकीकत ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली.

आतां नाण्यांकडे वळूं. हे रुपये औरंगजेब बादशहाचे, सुरत टांकसाळीचे, हिजरी सन १११३ चे आहेत. हें हिजरी वर्ष जून १७०१ ते मे १७०२ पर्यंत, म्हणजे बहुतांशीं शके १६२३ मध्यें, येतें. औरंगजेबाच्या रुपयांवरील फार्शी पद्यांत नाण्यास पूर्णचंद्राची उपमा असते, सोन्याच्या मोहोरेवर सूर्याची. मागील बाजूस टांकसाळीचें नांव व जुलूसी सन असतो. येथें रुपये सुटेही मिळाले व गठ्ठ्यांनींही मिळाले. थैलीचें कापड कुजून गेलें, परंतु रुपये एकमेकांस चिकटून थैलीच्याच आकारांत राहिले. एका गठ्ठ्यांत सुमारें हजार रुपये. रुपयाचें वजन साडेअकरा ग्रॅम धरल्यास थैली सुमारें २५ रत्तल भरते.

एकच टांकसाळ, एकच सन व हजारांची थैली, या तीन गोष्टी एकत्र पाहिल्या म्हणजे अनुमान सरळ निघतें. बाजारांतून गोळा केलेल्या रकमेंत जुन्या सनांचे, बट्टा लागणारे रुपये आलेच असते. ही रक्कम टांकसाळींतून निघून थेट जहाजावर चढलेली दिसते. परदेशची चांदी सुरतेस आणून तिचे रुपये पाडण्याचा व्यापाऱ्यांचा प्रघात होता. तसलेच कोरे रुपये लंकेस वळसा घालून पूर्वेकडे निघाले असावेत.

महाराष्ट्रास हें वर्ष निराळ्याच कारणानें परिचित आहे. राजाराम महाराजांच्या मृत्यूनंतर ताराबाईसाहेब राज्य चालवीत होत्या, आणि १७०२ च्या आरंभापासून खुद्द बादशहा विशाळगडाखालीं तळ देऊन बसला होता. सह्याद्रींत वेढा चालू असतांच सुरतेची टांकसाळ चालू होती व हजार हजारांच्या थैल्या समुद्रावर जात होत्या, याचा रोकडा पुरावा या खडकांत पडून राहिला होता.

हे रुपये सुटे करून दुकानोदुकानीं विकले गेले असते तर काय उरलें असतें? सुरतेचा १११३ चा एक रुपया, खारट पाण्यानें झिजलेला, म्हणून कमी किंमतीचा! १७५२ सालीं बुडालेल्या गेल्डरमाल्सेन या डच जहाजाचें उदाहरण समोर आहे. १९८५ सालीं त्यावरील माल वर काढला. १९८६ सालीं आम्स्टरडॅम येथें चिनी मातीचीं लाखाहून अधिक भांडीं व सोन्याच्या लगडी लिलावांत विकल्या गेल्या. जहाजाच्या सांगाड्याची व मालाच्या मांडणीची यथास्थित नोंद झाली नाहीं, म्हणून विद्वानांनीं या कामास दोष दिला. भांडीं राहिलीं, पण त्यांची जागा कायमची गेली. २००१ सालीं युनेस्कोनें केलेल्या व २००९ पासून अंमलांत आलेल्या करारांत जलगत अवशेषांच्या व्यापारी विक्रीस मनाई आहे, ती याच कारणास्तव.

संग्राहकांस आमची विनंति इतकीच कीं, समुद्रांतून आलेलें नाणें हातीं पडल्यास तें घासूं नये, चिकटलेला गठ्ठा फोडूं नये. स्थळ, सोबतच्या वस्तु, वजन व देणाऱ्याचें सांगणें हें सर्व त्याच दिवशीं टिपून नाण्यासोबत ठेवावें. ग्रेट बासेसच्या रुपयांनीं बंदर सांगितलें, सन सांगितला. जहाजाचें व त्यावरील माणसांचें नांव सांगणें रुपयाच्या शक्तीबाहेरचें आहे. तें काम कागदांचें. त्या काळीं लंकेचा किनारा डचांच्या ताब्यांत होता. त्यांचीं दप्तरें हेग व कोलंबो येथें आहेत, सुरतेच्या इंग्रज वखारीचे कागद लंडनांत आहेत. हिजरी १११३ व त्यापुढील एकदोन सालांत सुरतेहून निघून परत न आलेल्या जहाजाचा उल्लेख ज्याच्या वाचनांत येईल, त्यानें तो क्षुल्लक समजून सोडूं नये.