फितुरी कीं चाकरी ?

खेळांचा इतिहास लिहिणारे लोक सामन्यांचे निकाल, गोलांचे आंकडे आणि जिंकलेल्या ढालींच्या याद्या मोठ्या काळजीनें जतन करतात. ज्यांच्या गर्दीवांचून त्या सामन्यांना रंग चढला नसता, त्या प्रेक्षकांच्या सुखदुःखाची नोंद मात्र क्वचितच कोणी ठेवितो. आपला संघ हरला तर प्रेक्षक दोन दिवस हळहळतो आणि पुढल्या रविवारची वाट पाहूं लागतो. याहून खोल असें एक दुःख त्याच्या वाट्याला कधीं कधीं येतें. ज्या खेळाडूला त्यानें घरचा मानिला, ज्याच्या नांवानें ओरडून घसा कोरडा केला, तोच एके दिवशीं हाडवैरी संघाचा सदरा चढवून समोर उभा राहतो. श्रोतेहो, अशाच एका दुःखाचा इतिहास आज आपल्यापुढें मांडावयाचा आहे. स्थळ स्पेन देशांतील बार्सिलोना शहर, काळ इसवी सन २०००, आणि खेळाडूचें नांव लुईस फिगो.

या दुःखाची खोली कळावयाची तर वैराचें मूळ आधीं पाहिलें पाहिजे. बार्सिलोना ही कॅटलोनिया प्रांताची राजधानी. या प्रांताची भाषा निराळी, आणि आपल्या निराळेपणाचा अभिमानही मोठा. माद्रिद ही साऱ्या देशाची राजधानी. बार्सिलोनाचा फुटबॉल क्लब १८९९ सालीं गँपर नांवाच्या एका स्विस गृहस्थाच्या पुढाकारानें निघाला. माद्रिदचा क्लब १९०२ सालचा. १९२० सालीं राजाकडून त्याला ‘रियाल’, म्हणजे राजमान्य, हें बिरुद मिळालें. १९२५ सालीं बार्सिलोनाच्या मैदानावर राष्ट्रगीत वाजत असतां प्रेक्षकांनीं शिट्या घातल्या, तेव्हां सरकारनें मैदानाला टाळें ठोकलें आणि गँपरला क्लबचें अध्यक्षपद सोडावें लागलें. १९३६ सालीं यादवी युद्ध पेटतांच क्लबचे त्या वेळचे अध्यक्ष सुन्योल यांना फ्रँकोच्या सैनिकांनीं गोळ्या घातल्या. युद्ध जिंकल्यावर फ्रँकोच्या राजवटीनें कॅटलन भाषेला शाळांतून व कचेऱ्यांतून हद्दपार केलें. क्लबला आपलें नांवदेखील स्पॅनिश वळणाचें करून घ्यावें लागलें. अशा दिवसांत मैदानावरील हजारोंच्या गर्दींत उभें राहून आपल्या भाषेंत मोकळेपणानें ओरडतां येई, एवढेंच सुख लोकांना उरलें होतें. बाप मुलाला मैदानावर नेई, मुलगा पुढें आपल्या मुलाला नेई, आणि क्लबचें सभासदत्व घरांत कुलाचाराप्रमाणें चालत येई.

इतिहासाशीं इमान राखावयाचें तर हेंही सांगितलें पाहिजे कीं, माद्रिदचा क्लब म्हणजे फ्रँकोचा क्लब असें सरसकट म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. यादवीच्या वेळीं त्या क्लबचे अध्यक्ष असलेले सांचेझ गेर्रा हे प्रजासत्ताकाचे कैवारी होते, आणि युद्धानंतर त्यांनाही तुरुंगवास भोगावा लागला. पण लोकांच्या मनांतील इतिहास अशा बारकाव्यांवर चालत नाहीं. बार्सिलोनाच्या सामान्य माणसाला माद्रिदचा पांढरा सदरा दिसला कीं त्यामागें राजधानीची सत्ता दिसे.

त्यांतच १९५३ सालीं एक प्रकरण घडलें. आर्जेन्टिनाचा थोर खेळाडू आल्फ्रेदो दि स्तेफानो हा बार्सिलोनाकडून खेळण्यासाठीं स्पेनमध्यें येऊन दाखल झाला होता. त्याचे हक्क दक्षिण अमेरिकेंतील दोन क्लबांत वांटलेले होते. एकाशीं बार्सिलोनानें सौदा केला, तर दुसऱ्याशीं माद्रिदनें. स्पेनच्या फुटबॉल महामंडळानें असा निवाडा दिला कीं, या खेळाडूनें आळीपाळीनें एक हंगाम या संघाकडून व एक त्या संघाकडून खेळावें. हा निवाडा बार्सिलोनाला अपमानाचा वाटला आणि त्या क्लबनें आपला हक्क सोडून दिला. पुढें थोड्याच आठवड्यांत माद्रिदनें बार्सिलोनाचा पांच गोलांनीं फडशा पाडला, आणि गोल करणारांत दि स्तेफानो होता. पुढें १९५६ ते १९६० अशीं सलग पांच वर्षें माद्रिदनें युरोपचा चषक जिंकला, तो त्याच्याच जोरावर. आपल्या दारांत आलेलें भाग्य राजधानीनें पळविलें, ही बोच बार्सिलोनाच्या घराघरांतून तेव्हांपासून सांगितली जाऊं लागली.

असें असलें तरी एका संघांतून दुसऱ्यांत जाणारा फिगो हा पहिला नव्हे. १९२० नंतरच्या दशकांत बार्सिलोनाचा लाडका असलेला सामितिएर हा १९३३ च्या सुमारास माद्रिदला गेला. १९८८ सालीं जर्मन खेळाडू शूस्टर गेला, आणि १९९४ सालीं डेन्मार्कचा लाउड्रुप गेला. या लाउड्रुपची हकीकत तर चमत्कारिक आहे. १९९४ च्या जानेवारींत बार्सिलोनानें माद्रिदला पांच गोलांनीं हरविलें, आणि १९९५ च्या जानेवारींत माद्रिदनें बार्सिलोनाला तितक्याच गोलांनीं हरविलें. दोन्ही वेळां लाउड्रुप जिंकणाऱ्या बाजूला होता! उलट दिशेनेंही वाट वाहती होतीच. १९९६ सालीं लुईस एन्रिके माद्रिद सोडून बार्सिलोनाला आला. मग फिगोच्या जाण्यानें एवढा आक्रोश कां झाला, हा खरा प्रश्न आहे.

फिगो हा पोर्तुगालचा. लिस्बन येथील स्पोर्टिंग क्लबांत तो वाढला आणि १९९५ सालीं बार्सिलोनाला आला. उजव्या बगलेनें चेंडू घेऊन निघाला कीं समोरचा बचाव करणारा गडी कोणत्या बाजूस झुकेल याचा अंदाज घेऊन तो नेमका दुसरीकडून निसटे. पांच वर्षांत त्याच्या साथीनें बार्सिलोनानें १९९८ व १९९९ सालचें राष्ट्रीय अजिंक्यपद, स्पेनचे दोन चषक आणि १९९७ सालीं युरोपांतील चषकविजेत्यांचा चषक जिंकला. यशापेक्षांही लोकांना भावली ती त्याची जिद्द. मार खाऊन तो उठे आणि पुन्हां त्याच माणसावर चालून जाई. परक्या मुलखांतून आलेला हा माणूस आपल्या पक्षानें जीव तोडून लढतो, हें पाहून कॅटलन लोकांनीं त्याला आपला म्हटलें. जन्मानें आपला असणाऱ्याचें कौतुक असतें खरें. पण ज्यानें आपल्याला निवडलें असें वाटतें, त्याच्यावर माणसाचा जीव अधिक जडतो.

आतां २००० सालच्या उन्हाळ्याकडे वळूं. स्पेनमधील बहुतेक क्लब १९९० च्या कायद्यानें भागीदारीच्या कंपन्या झाले होते. बार्सिलोना व माद्रिद हे मात्र सभासदांच्याच मालकीचे राहिले. त्यामुळें अध्यक्षाची निवडणूक सभासदांच्या मतांनीं होते. माद्रिदचे अध्यक्ष सांझ यांच्या कारकीर्दींत क्लबनें १९९८ व २००० सालीं युरोपचा चषक जिंकला होता. त्यांना कोण पाडणार, असें सर्वांना वाटत होतें. त्यांच्याविरुद्ध उभे राहिलेले पेरेझ हे बांधकामाच्या धंद्यांतले धनिक गृहस्थ. त्यांनीं जाहीर केलें कीं, मी निवडून आलों तर फिगोला माद्रिदला आणीन. आणणें न जमल्यास सभासदांची वर्षाची वर्गणी मी स्वतः भरीन. फिगोच्या मुखत्याराशीं त्यांनीं आधींच करार करून ठेविला होता. १६ जुलै रोजीं पेरेझ निवडून आले.

याच दिवसांत बार्सिलोनाच्या घरांतही धनी नव्हता. बावीस वर्षें अध्यक्ष असलेले नुन्येझ पायउतार झाले होते आणि तेथेंही निवडणूक चालू होती. आपण बार्सिलोनांतच राहणार, असें फिगोनें वर्तमानपत्रांतून सांगितलें, आणि चाहत्यांनीं त्यावर विश्वास ठेविला. माणूस ज्याच्यावर प्रेम करतो त्याचें म्हणणें तपासून पाहत नाहीं. २३ जुलै रोजीं गास्पार्त बार्सिलोनाचे अध्यक्ष म्हणून निवडून आले. दुसऱ्याच दिवशीं, २४ जुलैला, फिगो माद्रिद येथें पांढरा सदरा हातांत धरून छायाचित्रकारांपुढें उभा राहिला. तो सदरा त्याच्या हातीं देणारा वृद्ध गृहस्थ कोण होता ? सत्तेचाळीस वर्षांपूर्वीं बार्सिलोनाच्या हातून निसटलेला तोच दि स्तेफानो !

हें सारें कायद्याला धरून झालें होतें. १९८५ सालच्या स्पेनमधील नियमान्वयें व्यावसायिक खेळाडूला ठरलेली भरपाई देऊन करार मोडतां येतो, आणि म्हणून प्रत्येक करारांत सुटकेची एक रक्कम लिहिलेली असते. फिगोच्या करारांत ती दहा अब्ज पेसेटा होती. एवढी रक्कम कोणी मोजणार नाहीं, या भरंवशानेंच ती लिहिली गेली असली पाहिजे. तोंवर जगांत एका खेळाडूसाठीं इतका पैसा कोणीही दिला नव्हता. पैसा भरला गेला, आणि त्याला अडविण्याचा मार्ग क्लबला उरला नाहीं.

लाउड्रुप गेला तेव्हां तो आपल्या प्रशिक्षकाशीं बिनसल्यामुळें गेला, हें लोकांना ठाऊक होतें. शूस्टरचेंही क्लबशीं पटत नव्हतें. म्हणजे घरांत भांडण झालें होतें आणि भांडणारा निघून गेला. फिगोच्या बाबतींत चाहत्यांना भांडण दिसलें नाहीं. भर बहरांत, उद्याचे बेत चालू असतांना, तो शत्रूच्या निवडणुकीचें वचन बनून गेला. आपल्या देव्हाऱ्यांतली मूर्ति दुसऱ्यांनीं आपली मतें मिळविण्यासाठीं पैज म्हणून लावावी आणि ती पैज जिंकावी, हें शल्य त्या शहराला सोसलें नाहीं.

२१ ऑक्टोबर २००० या दिवशीं फिगो माद्रिदच्या संघांतून बार्सिलोनाच्या मैदानावर आला. लाखाच्या आसपास प्रेक्षक जमले होते. त्याच्या पायाशीं चेंडू जातांच उठणाऱ्या शिट्यांनीं कानठळ्या बसत. विश्वासघातकी, पैशाचा लोभी, अशा अर्थाचे फलक सर्वत्र झळकत होते. त्याच्या चेहऱ्याचें चित्र छापलेल्या खोट्या नोटाही होत्या. मैदानाच्या कोपऱ्यांतून मारावयाच्या किका नेहमीं तो मारीत असे. त्या रात्रीं तो कोपऱ्याकडे फिरकला नाहीं. बार्सिलोनानें सामना दोन गोलांनीं जिंकला. त्यांतला पहिला गोल लुईस एन्रिकेनें केला, म्हणजे माद्रिद सोडून आलेल्या माणसानें. त्याच्या नांवाचा जयजयकार करणाऱ्या त्या गर्दींत ही विसंगति कोणाच्या ध्यानांत आली असेल असें वाटत नाहीं. आपल्याकडे येणाऱ्याला शहाणपण सुचलेलें असतें आणि आपल्याकडून जाणारा फितूर असतो, हा न्याय जगांत सर्वत्र चालतो.

दोन वर्षांनीं, २३ नोव्हेंबर २००२ रोजीं, तो पुन्हां आला आणि या वेळीं किक मारण्यासाठीं कोपऱ्याकडे गेला. नाणीं, बाटल्या, आगकाड्यांचीं यंत्रें, जें हाताला लागेल तें त्याच्या दिशेनें येऊं लागलें. एका डुकराचें कापलेलें मुंडकेंही त्याच्यापासून थोड्या अंतरावर पडलें. पंचांनीं खेळाडूंना आंत नेलें आणि सुमारें पाव तास खेळ बंद राहिला. सामना बरोबरींत सुटला. पण त्या रात्रीं कोण हरलें हें सांगणें अवघड नाहीं. ज्या क्लबनें जुलुमापुढें मान ताठ ठेविल्याचा अभिमान मिरविला, त्याच्याच मैदानावर हजारोंनीं एका माणसावर दगा धरून मारा केला. दुःखाला वेळींच शब्द सांपडले नाहींत म्हणजे तें हातांत बाटली घेतें. तें दुःख खरें होतें, म्हणून तें कृत्य क्षम्य ठरत नाहीं.

फिगोचीही बाजू आहे. आपल्या कामाचें बार्सिलोनाच्या चालकांनीं योग्य मोल केलें नाहीं, असें त्यानें पुढें सांगितलें. खेळाडूचें आयुष्य दहा-पंधरा वर्षांचें. पाय थकले म्हणजे त्याला कोणीं विचारावें ? क्लब स्वतः खेळाडूंना खुशाल विकतात, तेव्हां कोणी त्याला फितुरी म्हणत नाहीं. माद्रिदला त्यानें २००१ व २००३ सालीं राष्ट्रीय अजिंक्यपद आणि २००२ सालीं युरोपचा चषक जिंकून देण्यास हातभार लावला. २००० सालचा युरोपांतील सर्वोत्तम खेळाडूचा मानही त्याला मिळाला. चाकर म्हणून त्यानें नव्या धन्याशीं इमान राखलें. इकडे बार्सिलोनाला मिळालेला अफाट पैसा नव्या खेळाडूंवर खर्च झाला, आणि पुढलें अजिंक्यपद त्यांना २००५ सालीं दिसलें.

तेव्हां ही फितुरी कीं चाकरी ? कायद्याच्या दृष्टीनें ही चाकरी, यांत शंका नाहीं. परंतु चाहत्यानें कोणताही करार केलेला नसतो. त्यानें वर्गणी भरली, पावसांत उभा राहिला, लेकराला त्या खेळाडूचें नांव शिकविलें. या कशाचीही किंमत सुटकेच्या कलमांत धरलेली नसते. तो खेळाडू गेल्यावर पुढले विजय जातात, हें चाहता सोसतो. त्याला सोसत नाहीं तें मागलें जाणें. भिंतीवरचें चित्र उतरवावें लागतें. १९९७ चा तो आनंद आठवतांना त्यांत आतां दुसरेंच कांहीं मिसळतें. जें झालें तें खरें होतें कीं आपण एकटेच खरें मानीत होतों, असा प्रश्न त्याला पडतो. या प्रश्नाचें उत्तर दहा अब्ज पेसेटांत मिळत नाहीं.

सामितिएरची कथा येथें पुरी केली पाहिजे. माद्रिदला गेलेला हा खेळाडू पुढें बार्सिलोनाला परतला, १९४४ सालीं संघाचा प्रशिक्षक झाला आणि १९४५ सालीं त्यानें संघाला अजिंक्यपद मिळवून दिलें. १९७२ सालीं तो वारला तेव्हां शहरानें त्याला मानानें निरोप दिला. मैदानाजवळच्या एका रस्त्याला त्याचें नांवही देण्यांत आलें. म्हणजे बार्सिलोनाचे लोक क्षमा करीत नाहींत असें नाहीं. परत येणाऱ्यासाठीं त्यांनीं दार उघडें ठेविलेलें होतें. फिगो त्या दारानें परत आला नाहीं, आणि उंबरठ्याच्या आंत उभ्या असलेल्या माणसांनीं त्याची वाट पाहणें हळूहळू सोडून दिलें.