वरळीच्या कासवाचे गोत्र

भोपाळच्या बड्या तलावातल्या कासवाला चाहूल लागली की ते मान सरळ मागे, कवचात ओढून घेते. भारतातल्या गोड्या पाण्याच्या सगळ्याच देशी कासवांची आज हीच रीत. मान आडवी वळवून कवचाच्या कडेखाली दडवणारी कासवे पाहायची तर आफ्रिका, मादागास्कर, दक्षिण अमेरिका किंवा ऑस्ट्रेलिया गाठावे लागते. त्यांतली एक जात तर पर्थजवळच्या मोजक्या दलदलींपुरतीच उरली आहे.

पण हे घराणे एकेकाळी आपल्याकडेही नांदत होते, आणि त्याचा माग लागला तो चक्क वरळीत! सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा थांबत थांबत वाहत होता. मधल्या उसंतीत तळी साचत, गाळ बसे, त्यात इवले बेडूक आणि कासवे राहत. मग पुढचा लाव्हा येऊन सगळे झाकून टाकी. भोपाळहून सीहोरकडे जाताना लागणारी काळी माती त्याच लाव्ह्याची.

वरळीच्या अशा गाळात सापडलेल्या कासवाला 1852 मध्ये हेन्री कार्टर या मुंबईतल्या कंपनी सरकारच्या सर्जनने नाव दिले ‘टेस्टुडो लीथी’, म्हणजे त्याला बसवले जमिनीवरच्या कासवांच्या पंगतीत. 1871 मध्ये लंडनच्या जॉन एडवर्ड ग्रे यांनी ते आडव्या मानेच्या कुळातले ठरवले. या कुळाची खूण मानेइतकीच कंबरेतही असते: कंबरेचे हाड कवचाला पक्के सांधलेले, त्यामुळे मान हरवली तरी कवच साक्ष देते. ग्रे यांनी मात्र त्याचे सोयरे दक्षिण अमेरिकेत शोधले. 1953 मध्ये अर्नेस्ट विल्यम्स यांनी ती सोयरीक मोडून त्याला आफ्रिका-मादागास्करच्या गोतात आणले आणि ‘कार्टेरेमिस’ हे नाव दिले.

मग भाऊबंद सापडत गेले. चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याचे कासव सोहनलाल जैन यांनी 1977 मध्ये नोंदवले. 2020 मध्ये त्याला त्यांच्याच नावावरून ‘जैनेमिस’ म्हटले गेले. 2003 मध्ये मुंबईच्याच थरांतून ‘संकुचेमिस’ पुढे आले. त्याचा जवळचा नातलग ‘किंकोनिकेलिस’ 2009 मध्ये मादागास्करच्या खडकांतून नोंदवला गेला. भारत आणि मादागास्कर सुमारे पावणेनऊ कोटी वर्षांपूर्वी विलग झाले. या दोन कासवांचे पूर्वज त्याआधी एकाच भूमीवरच्या नद्यांत पोहत असणार, असे मला हे गणित मांडताना ठामपणे वाटते.