गिटार कुठे संपते?

या विषयाकडे मला एका तक्रारीने आणलं. वर्ध्यात माझ्याकडे गिटार शिकायला येणारा एक मुलगा उन्हाळ्याच्या सुट्टीत नवी इलेक्ट्रिक गिटार आणि छोटा ॲम्प्लिफायर घेऊन आला. दोन्ही वस्तू त्याने महिनोन्‌महिने व्हिडिओ पाहून, पैसे साठवून निवडल्या होत्या. "सर, व्हिडिओतला आवाज येतच नाही," तो म्हणाला. गिटार तीच, ॲम्प तोच, बटणंही व्हिडिओत दाखवली तेवढीच फिरवलेली. आम्ही दोघं अंधार पडेपर्यंत त्या आवाजाचा माग काढत बसलो. डोक्यावर टिनपत्रे, खिडकीत कूलर, भिंतीला एकच सॉकेट आणि त्यात तीन वायरी. कूलर बंद केला तशी घरघर बरीच उतरली. गिटार हातात घेऊन मी खुर्चीसकट थोडा वळलो तर आणखी कमी झाली. ॲम्प फरशीवरून उचलून स्टुलावर ठेवला, तेव्हा खालचा घुमारा गेला. शेवटी त्याने फोन ॲम्पच्या जाळीसमोर वीतभर अंतरावर धरला, चार ओळी टिपल्या आणि त्या हेडफोनवर ऐकल्या. "हा जवळ आला," म्हणाला. गिटारमध्ये तर आम्ही काहीच बदललं नव्हतं.

हे पुस्तक त्या संध्याकाळी सुरू झालं. इलेक्ट्रिक गिटार आणि ॲम्प्लिफायर यांवर जगभरचे हौशी लोक व्हिडिओ करतात, एकमेकांना दाखवतात, दुसऱ्याचं म्हणणं खोडून काढतात, पुन्हा करून बघतात. गेल्या वीसेक वर्षांत त्यातून ज्ञानाचं एक क्षेत्र उभं राहिलं आहे. मराठीतून त्यात पाऊल टाकणाऱ्याच्या हाती मी एकच प्रश्न देतो: हे वाद्य कुठे संपतं? सतारीचं उत्तर सोपं आहे. तार छेडली, घोडीतून कंप भोपळ्यात आणि तबलीत उतरला, आवाज झाला. इलेक्ट्रिक गिटारला बहुधा पोटच नसतं, लाकूड भरीव असतं. तारेखालच्या पिकअपमध्ये चुंबकांभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. पोलादी तार हलली की त्या वेढ्यांत अगदी क्षीण वीज उमटते आणि वायरीतून बाहेर पडते. तिथवर वाद्य अर्धंच झालेलं असतं. उरलेलं अर्धं ॲम्पच्या पेटीत, स्पीकरच्या कागदी शंकूत आणि खोलीच्या भिंतींत असतं.

विजेवरच्या पहिल्या यशस्वी गिटारांपैकी एक म्हणजे १९३१ ची रिकनबॅकर. मांडीवर आडवी ठेवून वाजवायची ही हवाईयन गिटार तव्यासारखी दिसायची, म्हणून तिला 'फ्राइंग पॅन' म्हणत. पुढे ज्यांनी हे वाद्य घडवलं त्यांतले काही गिटारवादक नव्हतेच. कॅलिफोर्नियात फुलर्टनला लिओ फेंडर रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवायचे. त्यांना गिटार वाजवता येत नव्हती. त्यांच्या कारखान्यातून १९५१ मध्ये टेलिकास्टर आणि १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर या गिटारी आल्या. लंडनचे जिम मार्शल ड्रमवादक. त्यांच्या दुकानात १९६२ मध्ये पहिला मार्शल ॲम्प तयार झाला, तो फेंडरच्याच बेसमन ॲम्पचा आराखडा समोर ठेवून. म्हणून ज्यांनी कधी गिटार हातात धरली नाही, पण घरचा रेडिओ उघडून पाहिला आहे, सोल्डरच्या धुराचा वास ज्यांना ओळखीचा आहे, लग्नाच्या मंडपात ज्यांनी साउंड लावला आहे, त्यांनी हे क्षेत्र आपलंच समजावं. मी हे सौजन्य म्हणून लिहीत नाही. या वाद्याचा अर्धा इतिहास अशाच हातांनी घडवला आहे.

आता त्या साउंडवाल्याकडेच जाऊ. मंडपात कुणी "आवाज फाटतोय" असं ओरडलं की तो धावत जाऊन बटण खाली करतो. ॲम्पच्या ऐपतीपेक्षा मोठा आवाज मागितला की ध्वनितरंगाची शिखरं छाटली जातात आणि मुळात नसलेले वरचे स्वरांश त्यात मिसळतात. साउंडवाला ज्याला दोष मानतो, तोच गिटारवाल्याला हवा असतो. १९६४ मध्ये किंक्स या इंग्लिश बँडच्या डेव्ह डेव्हिसने आपल्या लहानशा ॲम्पच्या स्पीकरचा कागद ब्लेडने खरोखरच फाडला. 'यू रिअली गॉट मी' या गाण्यात तोच आवाज आहे. त्याआधी १९५८ मध्ये अमेरिकेत लिंक रे याने 'रंबल'साठी स्पीकरला भोकं पाडली होती. मराठीचा 'फाटणं' हा शब्द इतका नेमका असताना मला दुसरा शोधावासा वाटला नाही. इंग्रजीत ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शन आणि फझ असे तीन शब्द आहेत. मी त्यांना उसवलेला, फाटलेला आणि चिंध्या झालेला आवाज म्हणतो. कापसाच्या जिल्ह्यात राहणाऱ्याला हे शब्द शोधायला लांब जावं लागत नाही, आणि वर्गात ते सांगितले की मुलांना तिन्हींतला फरक पहिल्याच दिवशी कानाने कळतो.

यूट्यूब २००५ मध्ये सुरू झालं. त्याच वर्षाच्या अखेरीस दक्षिण कोरियाच्या लिम जोंग-ह्युन या तरुणाचा एक व्हिडिओ तिथे आला. डोक्यावरची टोपी चेहऱ्यावर ओढलेली, पाठीमागे खिडकीचा उजेड, आणि गिटारवर पाखेलबेलच्या जुन्या युरोपीय रचनेचं नवं रूप. ते रूप तैवानच्या जेरी-सी या वादकाने बांधलेलं. कोट्यवधी लोकांनी तो पाहिला आणि शेकडो मुलांनी आपापल्या खोलीत बसून तीच रचना वाजवून उत्तरं दिली. बोटं कुठे पडतात हे गुरूशेजारी बसल्याशिवाय दिसत नसे, ते आता थांबवून, मागे नेऊन पाहता येऊ लागलं. आमच्याकडे ही सोय खऱ्या अर्थाने पोचली ती सप्टेंबर २०१६ नंतर, मोबाइल डेटा स्वस्त झाल्यावर. आर्वी, पुलगाव, हिंगणघाटच्या मुलाला तोवर एखादा ॲम्प ऐकायला नागपूर-मुंबईच्या दुकानाची वाट धरावी लागे.

या व्हिडिओंतले बरेच जाहिरातीच्या जवळ जाणारे असतात, हे खरं. पण काही प्रयोगशाळेच्या तोडीचे आहेत. नॅशव्हिलच्या जिम लिल या वादकाने आवाज नेमका कशातून येतो हे शोधताना एकेक भाग काढून टाकला आणि शेवटी गिटारच काढून टाकली. दोन टोकांना आधार, मध्ये हवेत ताणलेल्या तारा, त्यांखाली पिकअप. महागड्या गिटारीच्या आवाजाशी त्याने त्याची तुलना केली आणि फरक ओळखणं अवघड झालं. भरीव गिटारीच्या लाकडावर दशकानुदशकं चाललेल्या वादात मला हे काम फार मोलाचं वाटतं, कारण त्याने कृती उघड ठेवली. कुणीही ती पुन्हा करू शकतो. एका प्रयोगावर विसंबू नये, हेही त्यातच आलं.

व्हिडिओतला आवाज आपल्यापर्यंत येताना किती हातांतून जातो, ते मात्र सतत ध्यानात ठेवावं लागतं. माईक स्पीकरच्या मध्यावरून कडेकडे दोन-तीन सेंटिमीटर सरकला की धार जाऊन आवाज मऊ होतो. गिटारीची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ८२ कंपनं करते. फोनचा इवलासा स्पीकर इतका खालचा स्वर जवळजवळ देतच नाही; वरच्या स्वरांशांवरून आपला कान तो स्वतः जुळवून घेतो. आणखी एक फसगत मोठेपणाची. बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवलं की आवाज लहान असला की कानाला खर्ज कमी ऐकू येतो. म्हणजे दोन ॲम्पच्या तुलनेत जो किंचित मोठा वाजतो, तोच भरदार आणि सरस वाटतो. माझ्या विद्यार्थ्यांना मी आधी दोन्हींचा आवाज सारखा करायला लावतो, मग मत विचारतो. बहुतेक वेळा मत बदललेलं असतं.

काही गोष्टी तर गावागणिक बदलतात. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्‌झची, आपली ५० ची. म्हणून तिकडच्या व्हिडिओतली घरघर काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मध्ये कुठेतरी बसते, आणि आपली पांढरी पाचच्या किंचित वर. बाजाची पेटी शेजारी ठेवून हे पडताळून पाहा. गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये दोन गुंडाळ्या उलटसुलट जोडून ही घरघर मारणारा पिकअप बनवला. त्याचं नावच हमबकर. हवेचंही तसंच. थंडीत घरं तापवल्यामुळे लाकूड सुकतं, असं परदेशी व्हिडिओ सांगतात. आमच्याकडे ते नवतपात सुकतं. पारा ४५ च्या आसपास गेला की फिंगरबोर्ड आकसतो, त्यावरच्या धातूच्या पट्ट्यांची, म्हणजे फ्रेटची, टोकं बाहेर येतात आणि मानेवरून खाली सरकणाऱ्या हाताला ओरखडतात. मग पावसाळा लागला की तीच मान ओल पिऊन वाकते. वर्ध्याच्या मुलाने मान सरळ ठेवणाऱ्या ट्रस रॉडला पाना कधी लावायचा, हे अमेरिकेतल्या मिनेसोटाचा माणूस कसं सांगेल? ते इथल्याच कुणीतरी व्हिडिओ करून सांगायला हवं.

मराठी कानाला विजेवरची तार नवीही नाही. व्हॅन शिपली यांनी विजेच्या हवाईयन गिटारवर वाजवलेल्या चित्रपटगीतांच्या तबकड्या एका पिढीने ऐकल्या. १९७१ मध्ये 'दम मारो दम'ची सुरुवात भूपिंदर सिंग यांच्या गिटारने झाली. आणि आपला बेंजो आहेच. जपानमध्ये १९१२ च्या सुमारास निघालेलं, कळा दाबून वाजवायचं तैशोगोतो इथे येऊन बुलबुलतरंग झालं, त्याला पिकअप लागला, आणि बेंजो पार्टीच्या गाडीवरून ते मिरवणुकीत मोठ्या भोंग्यांतून वाजू लागलं. त्याच्या तारा, त्याचे पिकअप, त्याचा उसवलेला आवाज यांवर कुणी नीट अभ्यासाचा व्हिडिओ केला, तर या पुस्तकातलं एक प्रकरण मी आनंदाने नव्याने लिहीन.

ऑक्टोबर १९३७ मध्ये इथेच, वर्ध्यात, शिक्षण परिषद भरली आणि हाताने काम करता करता शिकण्याचा विचार देशापुढे आला. नई तालीमच्या त्या विचाराचं माझ्यावर ऋण आहे. म्हणून प्रत्येक प्रकरणात करून बघायचं काहीतरी आहे: तारा बदलणं, पिकअपची उंची पाव मिलिमीटरने खालीवर करणं, तुटलेलं टोक झाळणं. एका गोष्टीत मात्र मी कडक आहे. व्हॉल्व्हचा ॲम्प बंद करून वायर काढली तरी त्याच्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट साठून राहिलेले असू शकतात. ज्याला ते उतरवता येत नाहीत, त्याने ती पेटी उघडू नये, व्हिडिओत कितीही सोपं दिसलं तरी.

पहिलं प्रकरण एका तारेचं आहे. वाचताना गिटार जवळ असली तर बरं. आणि उन्हाळा असेल तर दहा मिनिटं कूलर बंद ठेवा.