विद्यार्थी मंडळांचा वारसा : नागपूरच्या चार नाताळांची कथा



आमच्या नागपुरात वसंत कोठे संपतो आणि ग्रीष्म कोठे सुरू होतो, हे सांगणे पंचांगकर्त्यालाही कठीण जाईल. अशा उकाड्यात आपण संध्याकाळी येथे जमता, तेव्हा वक्त्याने आपणांस काही मोठा विषय द्यावा अशी अपेक्षा असते. मी मात्र आज एक लहान दिसणारा विषय घेऊन उभा आहे. महाविद्यालयांतील आणि विद्यापीठांतील मुसलमान विद्यार्थ्यांची मंडळे, त्यांच्या कार्यकारिणी, आणि एका तुकडीने दुसऱ्या तुकडीच्या हाती कारभार सोपविण्याची रीत, हा तो विषय होय. इतिहासकार राजांची आणि पुढाऱ्यांची नावे लिहून ठेवतो. मंडळाच्या चिटणिसाचे नाव कोणी लिहीत नाही. परंतु तरुण माणूस सार्वजनिक कामाचा पहिला धडा याच चिटणिसाच्या टेबलावर गिरवतो, आणि तो धडा कच्चा राहिला तर त्याची किंमत पुढे सबंध समाजाला मोजावी लागते. या गोष्टीचा पुरावा शोधण्यास आपल्याला नागपूरच्या बाहेर फारसे जावे लागत नाही.

प्रथम विद्यार्थी मंडळाचा स्वभाव पाहू. गावातील वाचनालय घ्या, तालीम घ्या, किंवा व्यापाऱ्यांची पेढी घ्या. तेथे एक पिढी वीसपंचवीस वर्षे नांदते. महाविद्यालयात पिढी चार वर्षांची असते. पहिल्या वर्षी मुलगा बुजतो, दुसऱ्या वर्षी सभेत बोलू लागतो, तिसऱ्या वर्षी चिटणीस होतो, आणि चौथ्या वर्षी परीक्षेचा ज्वर चढला म्हणजे त्याला मंडळाचे स्मरणही राहत नाही. म्हणून परीक्षेपूर्वी वार्षिक सभा भरवणे, नवी कार्यकारिणी निवडणे, इतिवृत्ताची वही, जमाखर्च, पावतीपुस्तके आणि कपाटाची किल्ली तिच्या स्वाधीन करणे, एवढा विधी जेथे नेमाने होतो तेथे मंडळ जगते. जेथे होत नाही तेथे दोनच गती संभवतात. एक तर मंडळ मरते, किंवा ज्याला महाविद्यालय सोडून जायचे नसते अशा कोणा वडीलधाऱ्याच्या हाती ते जाते. ही दुसरी गती पहिलीपेक्षा अधिक विचार करण्यासारखी आहे.

मुसलमान विद्यार्थ्यांच्या मंडळांचा इतिहास अलीगढपासून सुरू करावा लागतो. सर सय्यद अहमद खान यांचे महाविद्यालय 1877 साली उभे राहिले. 1884 साली तेथे सिडन्स युनियन क्लब ही वादसभा निघाली. तिचा नमुना केंब्रिजचा होता. महाविद्यालयाचे तरुण प्राचार्य थिओडोर बेक हे केंब्रिजच्या वादसभेचे अध्यक्षपद भूषवून आले होते. परंतु केंब्रिजची वादसभा विद्यार्थी स्वतः चालवीत. अलीगढला अध्यक्षपद प्राचार्यांकडे राहिले आणि विद्यार्थ्यांच्या वाट्याला त्याखालची पदे आली. वडिलांचा हात पाठीवर असावा की मानेवर, हा प्रश्न असा आरंभापासूनच या मंडळांच्या नशिबी आला.

त्याच अलीगढात 1890 च्या सुमारास दुसरे एक मंडळ निघाले. साहबजादा आफताब अहमद खान यांच्या पुढाकाराने निघालेले हे मंडळ अंजुमन-अल-फर्ज, म्हणजे कर्तव्यमंडळ, या नावाने ओळखले जाते. त्याचे काम अगदी साधे. गरीब विद्यार्थ्यांसाठी पैसा जमवायचा, आणि त्यासाठी सभासदांनी सुट्टीत गावोगाव फिरून वर्गणी मागायची. या मंडळात वक्तृत्वाला फारसा वाव नव्हता, पण हिशेब होता. कोणाकडून किती आले, कोणाला किती दिले, आणि शिल्लक काय, हे पुढच्या तुकडीला सांगितल्यावाचून गत्यंतर नव्हते. हे मंडळ आज शंभराहून अधिक वर्षांनंतरही अलीगढात चालू आहे. व्यासपीठावर उभी राहिलेली मंडळे येतात आणि जातात. वहीवर उभे राहिलेले मंडळ टिकते, असा या उदाहरणाचा अर्थ मी करतो.

आता नागपूरकडे वळू. 1867 साली मुंबईकडून आगगाडी नागपूरला पोहोचली, आणि पुढे बंगाल-नागपूर रेल्वेने हे शहर कलकत्त्याशी जोडले. देशाच्या मध्यावरचे हे ठिकाण, आणि डिसेंबरात हवाही आल्हाददायक. कचेऱ्या, न्यायालये, महाविद्यालये नाताळात बंद. म्हणून अखिल भारतीय परिषदा भरवणाऱ्यांची दृष्टी वरचेवर नागपूरकडे वळे. अशा चार नाताळांत आपल्या प्रश्नाची उत्क्रांती पाहावयास मिळते.

पहिला नाताळ 1910 चा. त्या वेळी नागपूरला विद्यापीठ नव्हते. 1883 चे हिस्लॉप आणि 1885 चे मॉरिस ही महाविद्यालये, अलीगढप्रमाणेच, अलाहाबाद विद्यापीठाशी जोडलेली होती. मुसलमानांची शिक्षण परिषद आणि मुस्लिम लीगचे अधिवेशन ही दोन्ही त्या डिसेंबरात नागपुरास भरली. अलीगढ महाविद्यालयाचे विद्यापीठ करावयाचे, या मोहिमेला येथेच जोर चढला. आगाखानांनी पुढाकार घेतला, आणि वर्गणीच्या दौऱ्यात अलीगढचे माजी विद्यार्थी शौकत अली त्यांच्याबरोबर हिंडले. दहा वर्षांनी विद्यापीठ झाले. येथे वडीलधारे आपल्या जागी होते. त्यांनी पैसा उभा केला, इमारत उभी केली. विद्यार्थ्यांची मंडळे ताब्यात घेतली नाहीत. माजी विद्यार्थ्यांची संघटना वेगळी होती, आणि शौकत अलींसारख्या माणसाच्या उत्साहाला तेथे वाट मिळत होती.

दुसरा नाताळ 1920 चा. काँग्रेसचे प्रसिद्ध नागपूर अधिवेशन याच वेळचे. असहकाराचा ठराव येथे कायम झाला. महमद अली जिनांनी भरसभेत विरोध केला, आणि ते काँग्रेसमधून बाहेर पडले. त्याच आठवड्यात लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची परिषद नागपुरास भरली. सरकारी महाविद्यालये सोडावीत की नाही, हा त्या दिवसांतील ज्वलंत प्रश्न. दोनच महिन्यांपूर्वी, 29 ऑक्टोबर 1920 रोजी, अलीगढातून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांनी आणि अध्यापकांनी जामिया मिलियाची स्थापना केली होती. त्या काळी हिंदू आणि मुसलमान विद्यार्थी एका मंडपात बसत होते, हे ध्यानात ठेवावे. परंतु हेही ध्यानात ठेवावे की परिषदेचा विषय विद्यार्थ्यांच्या खोलीत जन्मला नव्हता. तो देशाच्या राजकारणातून आला होता. विद्यार्थ्यांनी तो मनापासून आपला मानला, ही गोष्ट निराळी.

1923 साली नागपूरला स्वतःचे विद्यापीठ मिळाले. त्यानंतरच्या पंधरा वर्षांत वारे बदलले. 1936 च्या ऑगस्टमध्ये लखनौला अखिल भारतीय विद्यार्थी संघ स्थापन झाला; पंडित नेहरूंनी उद्घाटन केले आणि अध्यक्षस्थानी बॅरिस्टर जिना होते. आज हे वाचून आश्चर्य वाटते. पुढच्याच वर्षी मुसलमान विद्यार्थ्यांचा वेगळा अखिल भारतीय संघ निघाला आणि जिना त्याचे आश्रयदाते झाले. मध्यप्रांतात या फुटीला स्थानिक खतपाणीही मिळाले. काँग्रेस मंत्रिमंडळाच्या काळात पंडित रविशंकर शुक्लांनी विद्यामंदिर योजना आणली. नावातील ‘मंदिर’ या शब्दावर मुसलमानांनी हरकत घेतली, आणि शाळेच्या पाटीवरचा वाद सभांतून व मोर्चांतून वाढत गेला. मुसलमान विद्यार्थ्याला आपले मंडळ हवेसे वाटावे, याला अशी कारणे होती. शिष्यवृत्ती, वसतिगृह, उर्दूची पुस्तके, नमाजाची सोय, नव्या मुलाला शहरात आधार, या गरजाही खऱ्याच होत्या. वेगळे मंडळ काढणे यात स्वतः काही वावगे नाही. त्या मंडळाची किल्ली कोणाकडे राहते, यावर पुढचे सारे अवलंबून असते.

तिसरा नाताळ 1940 चा. अखिल भारतीय विद्यार्थी संघाचे अधिवेशन नागपुरात भरले, आणि येथेच संघाचे दोन तुकडे झाले. एकीकडे काँग्रेसच्या विचाराचे, दुसरीकडे साम्यवादी. प्रत्येक बाजू आपणच खरा संघ असे म्हणू लागली. साम्यवादी बाजूचा कारभार ज्यांनी वाहिला त्यांत दिल्लीचे एम. फारूकी हे प्रमुख होते. तेव्हा मुसलमान तरुण केवळ मुसलमान मंडळांतच होते, असे कोणी समजू नये. या फुटीची बीजे वसतिगृहात नव्हती. युद्धाविषयी पक्षांचे जे मतभेद होते, तेच विद्यार्थ्यांच्या सभेत उतरले. नव्या कार्यकारिणीच्या हाती दप्तर देण्याची वेळ आली, तेव्हा दप्तर घेण्यास दोन दावेदार उभे, अशी अवस्था झाली.

चौथा नाताळ त्यानंतर बरोबर एका वर्षाने आला. 26 डिसेंबर 1941 रोजी मुसलमान विद्यार्थी संघाच्या अधिवेशनात बॅरिस्टर जिनांनी नागपुरात अध्यक्षीय भाषण केले. एकवीस वर्षांपूर्वी याच शहरात ज्यांचा आवाज सभेने बुडवला होता, त्यांच्यापुढे आता तरुणांची सभा कान देऊन बसली होती. 1940 च्या मार्चमध्ये लाहोरचा ठराव झालेला होता, आणि पाकिस्तानची मागणी हाच त्या दिवसांचा मंत्र होता. येथे एक साधा प्रश्न विचारावा. विद्यार्थ्यांच्या अधिवेशनाचा अध्यक्ष विद्यार्थी का नसावा? साठी उलटलेला पक्षाध्यक्ष तेथे का असावा? हा प्रश्न केवळ लीगला विचारून चालणार नाही. 1920 च्या परिषदेला, 1936 च्या लखनौला तो तितकाच लागू पडतो. सगळ्याच पक्षांनी तरुणांना व्यासपीठ दिले, आणि बहुतेकांनी ते भाड्याने दिले. भाडे निवडणुकीच्या वेळी वसूल झाले. 1945-46 च्या निवडणुकांत अलीगढचे विद्यार्थी लीगच्या प्रचाराला गावोगाव गेले, ही सर्वश्रुत गोष्ट आहे.

मग 1947 चा ऑगस्ट उजाडला. लीगचे पुढारी नव्या देशात गेले. नागपूरचे नवाब सिद्दीक अली खान, जे मुस्लिम नॅशनल गार्डचे सरसेनापती होते, तेही गेले आणि लियाकत अली खानांचे राजकीय चिटणीस झाले. पण मोमिनपुऱ्यातील विणकराचा मुलगा, सदरमधील कारकुनाचा मुलगा, कामठीच्या दुकानदाराचा मुलगा बहुधा येथेच राहिला. त्याला पुढच्या जुलैत महाविद्यालयात नाव घालायचे होते. ज्या मंडळाने त्याला शिष्यवृत्तीचा अर्ज कसा भरावा हे सांगायचे, ते मंडळ ज्या पक्षाशी बांधले गेले होते तो पक्ष त्याच्या गावातून उठून गेला होता. मंडळाचे नाव घेणेही आता संशयास पात्र झाले. कारभार सोपविण्यास कोणी उरले नाही आणि घेण्यास कोणी धजेना. वडिलांनी घेतलेल्या कर्जाची फेड मुलाच्या माथी यावी, तसे झाले. आपल्या चर्चांत फाळणीची मोठी हानी पुष्कळदा मांडली जाते. ही लहान हानीही मांडली पाहिजे.

याच शहराच्या इतिहासात दुसरीही वाट दिसते. मोहम्मद हिदायतुल्ला 1926 साली मॉरिस महाविद्यालयातून पदवीधर झाले आणि केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयात गेले. तेथे 1891 पासून हिंदी विद्यार्थ्यांची ‘मजलिस’ चालत असे. नाव मुसलमानी वळणाचे, सभासद सर्व धर्मांचे. 1929 साली हिदायतुल्ला तिचे अध्यक्ष झाले. त्यांच्या आधी कोणी तरी त्या खुर्चीवर होते, त्यांच्यानंतर कोणी तरी आले. ते 1930 मध्ये परतून नागपूरला वकिली करू लागले आणि मजलिस आपल्या वाटेने चालत राहिली. पुढे ते नागपूर विद्यापीठात विधिशाखेचे अधिष्ठाता झाले, 1954 मध्ये नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले, 1968 मध्ये भारताचे सरन्यायाधीश आणि 1979 मध्ये उपराष्ट्रपती झाले. पद वेळेवर घेणे आणि वेळेवर सोडणे ही सवय त्यांना मजलिसनेच लावली असे मी म्हणणार नाही. परंतु जेथे खुर्ची लवकर रिकामी करावी लागते तेथे ही सवय लागण्याचा संभव अधिक असतो.

परदेशातील आणखी एक उदाहरण देतो. 1963 च्या जानेवारीत अमेरिकेतील इलिनॉय राज्यात, अर्बाना येथे, निरनिराळ्या देशांतून शिकण्यास आलेल्या मुसलमान विद्यार्थ्यांनी आपला संघ स्थापला. वर्षे लोटली, ते विद्यार्थी प्राध्यापक झाले, डॉक्टर झाले, बापही झाले. त्यांच्यापुढे दोन मार्ग होते. विद्यार्थ्यांच्या संघात बसून राहायचे, किंवा आपल्या वयाला शोभेल अशी संस्था काढायची. 1982 साली त्यांनी प्रौढांची वेगळी संस्था काढली, आणि विद्यार्थ्यांचा संघ विद्यार्थ्यांसाठी उरला. शौकत अलींच्या माजी विद्यार्थी संघटनेत जी युक्ती होती, तीच ही.

श्रोतेहो, या चार नाताळांवरून मी एवढेच अनुमान काढतो. मुसलमान विद्यार्थ्यांचे मंडळ असो, हिंदूंचे असो, की सर्वांचे असो, त्याचा धनी चार वर्षांचा पाहुणाच असला पाहिजे. वडीलधाऱ्यांनी देणगी द्यावी, सल्ला मागितला तर द्यावा, आणि दाराबाहेर जोडे घालून निघावे. विद्यार्थ्यांनीही वही नेटकी ठेवावी. कारण ज्याचा हिशेब चोख असतो, त्याला कोणाच्या आश्रयाची गरज लागत नाही. येत्या जुलैत या शहरातील महाविद्यालये पुन्हा उघडतील, आणि कोठल्याशा खोलीत एखादा मुलगा किंवा मुलगी आपल्यापेक्षा दोन वर्षांनी लहान असलेल्याच्या हाती किल्ली आणि शिल्लक रक्कम मोजून देईल. त्याची बातमी वर्तमानपत्रात येणार नाही. तरी ते काम नीट व्हावे, अशी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.