पैनगंगेच्या दोन काठांवर

नागपूर–तुळजापूर महामार्गाने जाताना बरेच जण उमरखेडला चहापुरतेच थांबतात. आम्ही चौघांनी मात्र तिथूनच फिरायला सुरुवात केली. बेत साधा होता: उमरखेड, हदगाव, सहस्रकुंडचा धबधबा आणि संध्याकाळी माहूर.

उमरखेडहून निघालं की मार्लेगावजवळ पैनगंगेचा पूल लागतो. एका गाण्याचं एक कडवं संपेपर्यंत आपण विदर्भातून मराठवाड्यात पोचतो. फोनवरच्या नकाशात ही फक्त जिल्ह्याची हद्द दिसते. १५ ऑगस्ट १९४७ला मात्र उमरखेडवर तिरंगा होता आणि समोरच्या काठावर निजामाचं राज्य. समोरच्या लोकांना स्वातंत्र्यासाठी १७ सप्टेंबर १९४८पर्यंत, म्हणजे आणखी तेरा महिने थांबावं लागलं.

ही रेघ पडली कशी? मुघल काळात ती नव्हती. उमरखेड तेव्हा वऱ्हाड सुभ्यातल्या माहूर सरकारात मोडत होतं. दोन्ही काठ एकाच हिशेबात होते.

गोष्ट वळते ती १८१९मध्ये. हटकर नाईकांचे पुढारी नौसाजी नाईक निजामाविरुद्ध उभे राहिले होते. जानेवारीत मेजर पिटमनच्या हाताखालच्या निजामाच्या फौजेने त्यांच्या नोव्ह्याच्या गढीला वेढा घातला. आत मुख्यतः अरब शिबंदी होती. ३१ जानेवारीला गढी पडली. जिंकणाऱ्या पलटणींना पुढे ‘नोवा’ हा युद्धसन्मान मिळाला. नौसाजींचं नाव इकडे लोकांच्या बोलण्यात राहिलं, पण सैन्याच्या कागदावर उरलं ते फक्त गढीचं नाव, तेही जिंकणाऱ्यांच्या खात्यात.

खरी गंमत पुढेच आहे. ही फौज नावाला निजामाची, अधिकारी मात्र इंग्रज. तिचा पगार निजामाने द्यायचा. तो थकत गेला, कंपनीचं कर्ज चढत गेलं आणि १८५३च्या तहात त्या खर्चापोटी निजामाला वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात द्यावं लागलं. उमरखेड इंग्रजांकडे गेलं, माहूर आणि हदगाव निजामाकडे राहिलं. बंड मोडायला जी फौज पोसली, तिच्याच बिलाने पैनगंगेची सरहद्द झाली.

आणि तीच सरहद्द शंभर वर्षांनी निजामावर उलटली. हैदराबाद मुक्तिसंग्रामात सरहद्दीवर जे कॅम्प उभे राहिले, त्यांत उमरखेडचाही होता. रझाकारांच्या त्रासाला कंटाळलेल्या माणसाला नदी ओलांडली की आसरा मिळायचा, आणि लढणाऱ्याला परत जायची वाट.

सहस्रकुंडला पाणी काळ्या कातळावरून कोसळतं, तिथेही एक काठ यवतमाळचा आणि दुसरा नांदेडचा. दोन्हीकडे सेल्फी सारख्याच निघतात. संध्याकाळी माहूरला रेणुकामातेच्या पायऱ्या चढताना मागेपुढे वऱ्हाडी आणि मराठवाडी बोली मिसळून ऐकू येत होत्या. राजवटींनी रेघा ओढल्या खऱ्या, पण या पायऱ्यांवरच्या माणसांनी माहूर कधी परकं मानलं नाही. तुम्ही या वाटेने गेलात, तर पुलावर गाडी जरा हळू घ्या. तिथे तिकीट नाही, पाटी नाही, पण या भागाचा इतिहास तिथेच सगळ्यात नीट दिसतो.