तळटीप : निहोंगातील चेरीचा बहर

१७. चेरीचा बहर : येथे उल्लेखलेली तरुण चित्रकारांची चित्रे ‘निहोंगा’ पद्धतीची आहेत. मेजी काळात पाश्चात्त्य तैलचित्रण जपानमध्ये रुजू लागले, तेव्हा त्याहून वेगळ्या, देशी साधनांच्या चित्रकलेला हे नाव मिळाले. दळलेल्या खनिजांची पूड प्राणिज सरसात खलून हातकागदावर किंवा रेशमावर लावतात. एकाच दगडाची भरड पूड गडद दिसते, बारीक पूड फिकट. त्यामुळे कणांचा आकार बदलूनही छटा बदलता येते. पाकळ्यांचा पांढरा रंग, ‘गोफुन’, शिंपल्यांपासून करतात. त्याचे थर चढवून पाकळी उठावदार करण्याची रीत जुनी आहे. क्योतोच्या चिशाकु-इन मंदिरातील हासेगावा क्यूझो यांचे सोळाव्या शतकाच्या अखेरचे चेरीवृक्षाचे चित्र तिचा उत्तम नमुना आहे. ओकुमुरा तोग्यू यांनी मात्र दाइगो-जी मंदिरातील चेरी (१९७२) पातळ थरांवर थर देऊन, अतिशय मृदू रंगविली. ते चित्र तोक्योच्या यामाताने संग्रहालयात आहे. याच संग्रहालयाने २०१६ मध्ये नव्या निहोंगा चित्रकारांसाठी पुरस्कार-प्रदर्शन सुरू केले. आजच्या चित्रकारांपुढे उठावदार आणि पातळ थरांचे हे दोन्ही मार्ग खुले आहेत. शिवाय कृत्रिम खनिज रंगांमुळे निसर्गात क्वचित सापडणाऱ्या गुलाबी छटाही त्यांना सहज मिळतात. छापील प्रतिमेत थरांचा उठाव आणि खनिजकणांची चमक उतरत नाही. म्हणून संधी मिळाल्यास वाचकांनी मूळ चित्रे अवश्य पाहावीत, समोरून तशीच बाजूनेही. — संपा.