कोळसा एकाचा, धूर दुसऱ्याचा

रत्नागिरीहून कोल्हापूरकडे निघालें म्हणजे वाटेंत आमचें पाली गांव लागतें. येथें कोळशाची खाण नाहीं. तरीहि ज्या जाळ्यांतून आमच्या घरीं वीज येते, त्यांत जयगडच्या किनाऱ्यावरील १२०० मेगावॉटच्या केंद्राची वीज मिसळते. आणि २०१० सालीं सुरू झालेलें तें केंद्र परदेशांतून जहाजानें आणलेल्या कोळशावर चालतें. मग त्या धुराचा दोष कोणाचा? विकणाऱ्याचा कीं जाळणाऱ्याचा? आज जगभर चाललेल्या या वादाचीं मुळें इतिहासांत आहेत.

१८५३ सालीं मुंबईहून ठाण्यास आगगाडी धांवली. पुढें गिरण्या निघाल्या. बंगालचा कोळसा दूर पडे, म्हणून इंग्लंडचा कोळसा समुद्रमार्गें मुंबईस येई. १८६५ सालीं जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञानें आपल्या देशबांधवांस बजावलें कीं, स्वस्त कोळसा कायम पुरणार नाहीं. १९०१ सालीं बोअर युद्धाच्या खर्चासाठीं ब्रिटिश सरकारनें निर्यातीच्या कोळशावर टनामागें एक शिलिंग कर बसविला. खाणवाल्यांनीं ओरड केली आणि १९०६ सालीं तो उठला. वादाचे मुद्दे महसूल, नफा आणि सांठा हे होते. परमुलुखांतील धूर हा नव्हे.

धुराचा विचार जळत्या कोळशाच्या गांवींच झाला. १९१२ सालीं मुंबईंत धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदा झाला; त्याचा रोख धुराडीं चालविणाऱ्यांवर होता. १९१५ पासून खोपोलीची जलविद्युत् गिरण्यांस मिळूं लागली, आणि कोळशावांचूनहि चाकें फिरतात हें दिसून आलें.

आजहि तीच वहिवाट आहे. १९९२ च्या हवामानविषयक आंतरराष्ट्रीय करारानंतर रूढ झालेल्या हिशेबांत, कोळसा ज्या देशांत जळतो त्याच्याच नांवें धूर मांडतात. ऑस्ट्रेलिया किंवा इंडोनेशिया यांनीं विकलेल्या कोळशाचा धूर आपल्या खातीं पडतो. जानेवारी २०२२ मध्यें इंडोनेशियानें निर्यात थांबविली खरी. पण ती स्वतःच्या वीजकेंद्रांस कोळसा कमी पडला म्हणून. ‘आम्हीं न विकला तर दुसरा विकील,’ असें विकणारे म्हणतात. हें उत्तर दारूच्या गुत्त्यावरहि ऐकूं येतें.

परंतु म्हणून आपण निर्दोष ठरत नाहीं. २०२१ सालीं ग्लासगोच्या परिषदेंत भारतानें कोळसा ‘बंद करूं’ याऐवजीं ‘कमी करूं’ असे शब्द घालविले. गरीब घरांत दिवा हवा, हें कारण खोटें नव्हे. पण जयगडच्या केंद्राविरुद्ध आंबा-बागायतदारांनीं न्यायालयांत दाद मागितली, तीहि पोटाच्याच काळजीनें. मोहोराला कोळशाचा देश कळत नाहीं.

शाळेंत मीं मुलांस जमाखर्च शिकविला. ज्यानें पैसा घेतला आणि ज्यानें माल वापरला, त्या दोघांचीं नांवें वहींत हवींत. एक नांव गाळलें तर हिशेब जुळत नाहीं. धुराची वहीहि तशीच लिहिली पाहिजे, आणि आपलें नांव आपणच प्रथम लिहावें.